गप्पी माशांचा संसार

[घरच्या घरी गप्पी मासे पाळून त्यांची पैदास कशी करावी, याची माहिती प्रस्तुत पाठात दिली आहे. मासे वाढवणे सोपे आहे; वाढलेल्या माशांचे काय करावे, हा प्रश्न मात्र सोपा नाही. त्या प्रश्नाचे उत्तर शोधताना पाळणाऱ्याच्या विचाराची आणि अंतःकरणाची कशी परीक्षा होते, हेही या पाठात सांगितले आहे.]

पावसाळा जवळ आला, की महाराष्ट्रातील अनेक गावांत आणि शहरांत आरोग्य खात्याचे कर्मचारी घरोघर फिरू लागतात. हौद, रांजण, पाण्याच्या टाक्या, गच्चीवर टाकून दिलेले जुने टायर हे सारे ते तपासून पाहतात. जे पाणी ओतून देता येते, ते ओतून द्यायला सांगतात. ज्या हौदाचे पाणी उपसणे शक्य नसते, त्या हौदात मात्र ते बरोबर आणलेले काही चिमुकले मासे सोडतात. बोटाच्या पेरापेक्षा थोडे मोठे असलेले हे मासे पाण्याच्या पृष्ठभागाजवळ फिरत राहतात आणि डासांच्या अळ्या दिसल्या, की त्या गट्ट करतात. हेच ते गप्पी मासे होत.

'गप्पी' हे नाव ऐकून हे मासे गप्पिष्ट असावेत, असे एखाद्याला वाटेल. वास्तविक हे एका माणसाचे आडनाव आहे. दक्षिण अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्याजवळ त्रिनिदाद नावाचे एक बेट आहे. तेथे रॉबर्ट जॉन लेचमिअर गप्पी नावाचे निसर्गाभ्यासक राहत असत. त्यांनी तेथील ओढ्यांतील काही लहान मासे लंडनच्या ब्रिटिश म्यूझियमकडे पाठवले. तेथील प्राणिशास्त्रज्ञ अल्बर्ट ग्युंटर यांनी १८६६ साली या माशाला गप्पींचे नाव दिले. पुढे असे आढळून आले, की विल्हेल्म पेटर्स या जर्मन शास्त्रज्ञांनी १८५९ सालीच या माशाचे वर्णन करून ठेवले होते. शास्त्राच्या नियमाप्रमाणे पहिल्या नावाचा मान राखला गेला आणि 'पोएसिलिया रेटिक्युलाटा' हे नाव कायम झाले. परंतु लोकांच्या तोंडी मात्र 'गप्पी' हेच नाव राहिले. व्हेनेझुएला, गयाना, त्रिनिदाद या प्रदेशांतील ओढे व नद्या हे या माशाचे मूळ घर. डासांचा नाश करण्यासाठी माणसाने त्याला देशोदेशी नेले. विसाव्या शतकाच्या आरंभी तो भारतातही आला.

गप्पीचे नर व मादी सहज ओळखता येतात. नर लहान, सुमारे तीन सेंटिमीटर लांबीचा असतो. त्याची शेपटी पंख्यासारखी पसरट असून तिच्यावर तांबड्या, निळ्या, पिवळ्या, काळ्या रंगांची मनोहर उधळण असते. मादी त्याच्या जवळजवळ दुप्पट मोठी होते. पण तिचा रंग साधा, करडा असतो. मोर आणि लांडोर यांच्यात जो भेद दिसतो, तसाच हा भेद होय. नराच्या पोटाखालचा एक पर काडीसारखा निमुळता असतो, तर मादीचा तोच पर त्रिकोणी असतो. मादीच्या पोटाच्या मागील बाजूस एक गडद ठिपकाही दिसतो.

बहुतेक मासे अंडी घालतात. गप्पी मात्र जिवंत पिल्लांना जन्म देणारा मासा आहे. अंडी मादीच्या पोटातच उबतात आणि साधारणतः तीन ते चार आठवड्यांनी चिमुकली पिल्ले बाहेर येतात. जन्मल्याबरोबर ती पोहू लागतात आणि स्वतःचे अन्न स्वतः शोधू लागतात. एका वेळी वीस ते साठ पिल्ले होणे ही सामान्य गोष्ट आहे; मोठ्या मादीला कधी कधी शंभरावरही पिल्ले होतात. याहून नवलाची गोष्ट अशी, की एकदा नराशी संयोग झाला, म्हणजे मादी नराचे बीज आपल्या शरीरात कित्येक महिने जपून ठेवू शकते. त्यामुळे नर जवळ नसतानाही ती एकामागून एक पिल्लांच्या अनेक खेपांना जन्म देते. ज्याला गप्पींची पैदास करायची असेल, त्याने ही गोष्ट आरंभीच ध्यानात ठेवली पाहिजे.

पैदाशीसाठी फार मोठा खर्च करावा लागत नाही. दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच अशी काचेची पेटी आरंभासाठी पुरेशी होते. तीत सुमारे पन्नास लिटर पाणी मावते. पन्नास लिटर पाणी म्हणजे पन्नास किलो वजन. त्यात काच आणि वाळू यांची भर पडते. म्हणून पेटी प्रथम भक्कम आणि सपाट जागी ठेवावी आणि मगच तीत पाणी भरावे. भरलेली पेटी उचलण्याचा प्रयत्न कधीही करू नये. पेटीवर कडक ऊन पडू देऊ नये. उन्हाने पाणी तापते आणि शेवाळ माजते. तळाशी स्वच्छ धुतलेली जाडसर वाळू पसरावी. वाळू धुताना साबणाचा स्पर्शही होता कामा नये. हायड्रिलासारख्या काही पाणवनस्पती लावाव्यात. पेटीवर झाकण असावे, कारण गप्पी पाण्याबाहेर उडी मारतात आणि घरातील मांजराची दृष्टीही त्यांच्यावर असते. हवेच्या पंपावर चालणारी स्पंजची साधी गाळणी बसवली, म्हणजे पाणी स्वच्छ राहते आणि इवल्या पिल्लांना इजा होत नाही.

नळाच्या पाण्यात जंतू मारण्यासाठी क्लोरीन मिसळलेला असतो. माणसाला तो अपाय करत नाही. पण माशांच्या नाजूक कल्ल्यांना तो जाळतो. नळाचे पाणी रुंद तोंडाच्या भांड्यात चोवीस तास उघडे ठेवले, म्हणजे हा क्लोरीन बहुतांशी उडून जातो. क्लोरीनचा नाश करणारे थेंबही दुकानात मिळतात. विहिरीचे किंवा कूपनलिकेचे पाणी पुष्कळदा जड असते. अशा पाण्यात डाळ लवकर शिजत नाही. गप्पींना मात्र ते चांगले मानवते. पाण्याचे तापमान २२ ते २८ अंश सेल्सिअस असावे. महाराष्ट्राच्या बहुतेक भागांत वर्षातील बराच काळ हे तापमान आपोआप लाभते. विदर्भातील वैशाखात पेटी घरातील थंड कोपऱ्यात हलवावी लागते आणि कडाक्याच्या थंडीत पाण्यास ऊब द्यावी लागते, इतकेच.

पेटी सिद्ध झाली, तरी त्याच दिवशी मासे आणून सोडण्याची घाई करू नये. मासे पाण्यातच राहतात आणि त्यांची विष्ठाही पाण्यातच पडते. विष्ठा आणि उरलेले अन्न यांपासून अमोनिया नावाचा विषारी पदार्थ तयार होतो. निसर्गात काही जिवाणू या अमोनियाचे प्रथम नायट्राइटमध्ये आणि नंतर नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. नायट्राइटही विषारीच असते. नायट्रेट मात्र त्या मानाने पुष्कळच निरुपद्रवी असते आणि वनस्पती ते खत म्हणून घेतात. हे उपकारक जिवाणू वाळूवर आणि गाळणीच्या स्पंजावर वस्ती करतात. परंतु ती वस्ती वाढण्यास तीन ते चार आठवडे लागतात. तेवढे दिवस गाळणी चालू ठेवावी आणि चिमूटभर अन्न पाण्यात टाकून वाट पाहावी. कोणाच्या जुन्या, निरोगी पेटीतील स्पंजाचा तुकडा मिळाला, तर हे काम लवकर होते. पुढेही स्पंज धुण्याची वेळ आली, की तो नळाखाली धुऊ नये. पेटीतूनच काढलेल्या पाण्यात तो हलक्या हाताने पिळावा. नाहीतर वाढवलेले जिवाणू क्लोरीनने मरून जातात आणि स्वच्छतेच्या नादात मासे दगावतात.

मासे आणल्यावर पिशवी बंद असतानाच पंधरा-वीस मिनिटे पेटीतील पाण्यावर तरंगत ठेवावी. दोन्ही पाण्यांचे तापमान सारखे झाले, की पिशवीत पेटीतील थोडे थोडे पाणी घालावे आणि मग हातजाळीने मासे अलगद पेटीत सोडावेत. पिशवीतील पाणी पेटीत ओतू नये. त्याबरोबर रोग येण्याचा संभव असतो. आरंभी एक नर आणि दोन किंवा तीन माद्या एवढेच मासे पुरेत. नर मादीचा सारखा पाठलाग करतो. मादी एकच असली, तर तिला क्षणभर विसावा मिळत नाही.

अन्न देताना हात आखडता ठेवावा. दिवसातून दोन वेळा, दोन मिनिटांत संपेल एवढेच अन्न द्यावे. मासे काचेजवळ येऊन तोंड उघडमीट करतात आणि पाहणाऱ्याला त्यांची दया येते. परंतु भुकेने मरणाऱ्या पाळीव माशांपेक्षा अतिअन्नाने नासलेल्या पाण्यात मरणारे मासे अधिक असतात. अति तेथे माती, ही म्हण येथे अक्षरशः खरी ठरते. कोरड्या अन्नाबरोबर अधूनमधून डासांच्या अळ्या दिल्या, तर माशांची प्रकृती उत्तम राहते. दर आठवड्याला पेटीतील सुमारे एक चतुर्थांश पाणी रबरी नळीने काढून तेवढेच मुरवलेले पाणी घालावे. हे काम एकदा अंगवळणी पडले, की त्याला अर्धा तासही लागत नाही.

काही आठवड्यांनी एखाद्या मादीचे पोट फुगते आणि तिच्या पोटावरचा ठिपका अधिक गडद होतो. पिल्ले होण्याची वेळ जवळ आल्याची ही खूण होय. गप्पींमध्ये वात्सल्य नसते. आईबाप आपल्याच पिल्लांना अन्न समजून खाऊन टाकतात. म्हणून पिल्ले वाचवायची असतील, तर मादीला वनस्पतींनी भरलेल्या निराळ्या भांड्यात ठेवावे आणि पिल्ले होताच तिला परत मूळ पेटीत आणावे. पिल्लांना बारीक कुटलेले अन्न दिवसातून तीन-चार वेळा अगदी थोडे द्यावे. चार आठवड्यांच्या सुमारास त्यांतील माद्यांच्या पोटावर ठिपका दिसू लागतो आणि नरांचा पर निमुळता होऊ लागतो. नेमक्या याच वेळी नर आणि माद्या वेगवेगळ्या पेट्यांत ठेवाव्यात. या गोष्टीकडे कानाडोळा केला, तर दोन-तीन महिन्यांच्या आतच मुलींच्या मुली जन्माला येऊ लागतात.

ज्याला केवळ मासे वाढवायचे नसून अभ्यास करायचा आहे, त्याने एक वही ठेवावी. पिल्लांचा जन्मदिनांक, त्यांची संख्या, आई कोणती, बाप कोणता, रंग कोणते, किती जगली, किती मेली, हे सारे तीत नोंदवावे. दुकानातून आणलेली मादी बहुधा आधीच गाभण असते. तिच्या पिल्लांचा बाप कोण, हे कोणालाही सांगता येत नाही. त्यामुळे रंगांचा खरा अभ्यास करायचा, तर घरीच जन्मलेल्या आणि लहानपणीच नरांपासून दूर ठेवलेल्या मादीपासून आरंभ करावा लागतो.

अशाच काटेकोर नोंदींतून विज्ञानाला एक महत्त्वाचा शोध लाभला. डेन्मार्कमधील कोपनहेगन येथील कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत योहानेस श्मिट हे शास्त्रज्ञ गप्पी मासे पाळत असत. काही नरांच्या पाठीवरील परावर एक काळा ठिपका त्यांना दिसला. अशा नराच्या सर्व मुलांना तो ठिपका मिळे. मुलींना तो कधीच नसे आणि मुलींच्या मुलांनाही तो मिळत नसे. म्हणजे हा वारसा बापाकडून मुलाकडे आणि मुलाकडून नातवाकडे, असा एकाच वाटेने चालला होता. श्मिट यांनी १९२० साली आपले हे निरीक्षण प्रसिद्ध केले. त्याच देशातील ओयविंद विंगे यांनी हा अभ्यास पुढे नेला आणि केवळ नरांतच असणाऱ्या गुणसूत्रावरून हा ठिपका वारशाने उतरतो, हे दाखवून दिले. काचेच्या पेट्या, थोडेसे मासे आणि प्रामाणिक नोंदी एवढ्याच साहित्यावर आनुवंशिकतेचे एक कोडे सुटले.

जे काम पाळणारा आपल्या पेटीत करतो, तेच निसर्ग आपल्या ओढ्यांत करत असतो. त्रिनिदादमध्ये काही ओढ्यांत गप्पींना खाणारे मोठे मासे असतात; धबधब्याच्या वरच्या अंगाला मात्र ते पोहोचू शकत नाहीत. जेथे शत्रू अधिक, तेथील नर फिके असतात. कारण भडक रंगाचा नर शत्रूच्या नजरेस लवकर पडतो. जेथे शत्रू थोडे, तेथील नर अधिक रंगीत असतात. कारण माद्यांना रंगीत नर आवडतात. जॉन एंडलर या शास्त्रज्ञांनी शत्रूंच्या सहवासात राहणारे काही गप्पी उचलून शत्रू थोडे असलेल्या ओढ्यात सोडले. सुमारे दोन वर्षांनी पाहिले, तो त्यांचे वंशज अधिक रंगीत झालेले होते. हा अभ्यास १९८० साली प्रसिद्ध झाला.

या प्रयोगातून आणखी एक गोष्ट उघड होते. ओढ्यात जन्मणाऱ्या पिल्लांपैकी बहुतेक मोठी होतच नाहीत. त्यांना मोठे मासे खातात, पुराचे लोंढे वाहून नेतात, रोग आणि उपासमार त्यांचा घास घेतात. इतके सारे सोसून जात टिकावी, म्हणूनच निसर्गाने गप्पीला एवढी विपुल संतती दिली आहे. काचेच्या पेटीत शत्रू नसतो, पूर नसतो आणि अन्न तर वेळच्या वेळी हजर असते. म्हणजे जन्माचे दार सताड उघडे राहते आणि मृत्यूचे दार जवळजवळ मिटते. याचा परिणाम काय होतो, हे थोड्या गणितावरून समजेल.

समजा, एका मुलीने एक गाभण मादी घरी आणली. तिला दरमहा ३० पिल्ले झाली आणि सगळी जगवली, तर सहा महिन्यांत तिचीच पिल्ले १८० होतात. दर खेपेच्या पिल्लांत निम्म्या, म्हणजे १५ माद्या असतात. जन्मल्यापासून चार महिन्यांनी त्यांना पहिली पिल्ले होतात. तरुण माद्यांना पिल्ले कमी होत असल्याने प्रत्येकीला एका वेळी १० पिल्ले धरू. पहिल्या खेपेच्या मुलींना पाचव्या आणि सहाव्या महिन्यांत मिळून ३०० पिल्ले होतात. दुसऱ्या खेपेच्या मुलींना सहाव्या महिन्यात १५० होतात. अशा रीतीने सहा महिन्यांच्या अखेरीस पिल्लांची संख्या ६३० होते. हा कागदावरचा हिशोब आहे. प्रत्यक्षात काही पिल्ले मरतात, काही खाल्ली जातात. तरीही पन्नास लिटरच्या पेटीत बारा-पंधरा मोठे गप्पी सुखाने राहू शकतात, हे लक्षात घेतले, म्हणजे अडचण किती मोठी आहे, याची कल्पना येईल. गर्दी झाली, की अमोनिया वाढतो, मासे मान टाकतात, रोग पसरतो आणि एके दिवशी वीज गेली, गाळणी बंद पडली, की पेटीतील निम्मे मासे सकाळी उलटे तरंगताना दिसतात.

अशा वेळी पाळणाऱ्याच्या मनात पहिला विचार येतो तो नदीचा. 'नदी एवढी मोठी आहे. तीत सोडले, तर बिचारे सुखाने जगतील,' असे त्याला वाटते. हा विचार दयेतून येतो. परंतु त्याचे फळ दयेचे नसते. दुकानात जन्मलेला, लांब शेपटीचा, भडक रंगाचा मासा वाहत्या नदीत बहुधा थोड्याच दिवसांत कोणाच्या तरी तोंडी पडतो. आणि तो जगला, तर त्याहून वाईट होते. एकच गाभण मादी नव्या पाण्यात नवी वसाहत उभी करू शकते. गप्पी तेथील देशी माशांची अंडी आणि पिल्ले खातात, त्यांच्या अन्नात वाटेकरी होतात आणि पेटीतील रोग नदीत नेतात. सह्याद्रीच्या ओढ्यांत जगात इतरत्र कोठेही न सापडणारे कितीतरी मासे आहेत. त्यांची जागा एकदा गेली, तर ती जगातील कोणतीही दुसरी नदी त्यांना देऊ शकत नाही.

हे भय काल्पनिक नाही. चिलापी हा आफ्रिकेतील मासा १९५२ साली मत्स्यशेतीसाठी भारतात आणला गेला. आज उजनीसारख्या जलाशयांत कोळ्यांच्या जाळ्यांत तो मोठ्या प्रमाणावर सापडतो. काच साफ ठेवतो म्हणून शौकिनांनी घरी आणलेला दक्षिण अमेरिकेतील सकर मासा काही जलाशयांत पोहोचला आहे. त्याच्या अंगावरील काटेरी कवचामुळे जाळी फाटतात आणि त्याला बाजारात गिऱ्हाईकही मिळत नाही. कोणाच्या तरी घरातील नकोशा झालेल्या माशाचा भार अखेर एखाद्या गरीब कोळ्याच्या जाळ्यावर पडला, असाच याचा अर्थ होय.

म्हणून नको असलेले मासे नदी, ओढा, तलाव, देवळाचे कुंड किंवा रानातील विहीर यांत सोडू नयेत. संडासात किंवा गटारात टाकणे हे तर क्रौर्यच होय. शिवाय ते पाणीही शेवटी नदीलाच मिळते. आरोग्य खात्याचे कर्मचारी गप्पी सोडतात, ते ठिकाण पाहून आणि विचार करून. चहूबाजूंनी बंद असलेला हौद आणि वाहता ओढा यांत फरक आहे. ज्या टाक्याचे पाणी पावसाळ्यात ओसंडून ओढ्याला मिळते, ते टाकेही या कामी योग्य नव्हे. डासांच्या बाबतीतसुद्धा गप्पी हा एकमेव उपाय नव्हे. आठवड्यातून एक दिवस पाण्याची सर्व भांडी रिकामी करून घासून कोरडी करणे आणि टाक्यांना घट्ट झाकणे लावणे हा पहिला उपाय. जेथे तो चालत नाही, तेथेच गप्पींची मदत घ्यावी.

मग वाढलेल्या माशांचे करावे काय? सर्वांत उत्तम उपाय म्हणजे ते वाढूच न देणे. नर आणि माद्या वेळीच वेगळे केले, की प्रश्नाचे मूळच नाहीसे होते. ज्याला केवळ रंगांची शोभा हवी आहे, त्याने फक्त नरच पाळावेत. दहा नरांची पेटी कोणत्याही बागेइतकी शोभिवंत दिसते. ज्याला पैदास करायची आहे, त्याने किती पेट्या आहेत, हे आधी मोजावे आणि तेवढीच पिल्ले वाढवावीत. इतर वेळी मादीला निराळे न काढता मूळ पेटीतच राहू द्यावे. तेथे मोठे मासे बहुतेक पिल्ले खाऊन टाकतात आणि जी फार चपळ असतील तीच तग धरतात. हे पाहणे मनाला कठीण वाटते. पण ओढ्यातही हेच घडत असते.

तरीही काही मासे उरतातच. ते शेजाऱ्याला किंवा मित्राला द्यावेत. मात्र त्याची पेटी तयार आहे ना आणि नर-मादी वेगळे ठेवण्याची रीत त्याला ठाऊक आहे ना, हे पाहूनच द्यावेत. वाढदिवसाला बाटलीत घालून मासे भेट देणे म्हणजे आपली अडचण दुसऱ्याच्या गळ्यात बांधणे होय. शोभेच्या माशांचे काही दुकानदार निरोगी मासे परत घेतात. त्यांना आधी विचारावे. शाळेच्या प्रयोगशाळेस मासे हवे असू शकतात. जवळच्या आरोग्य केंद्रातही चौकशी करावी. गप्पी कोठे सोडावेत आणि कोठे सोडू नयेत, याचा निर्णय मात्र तेथील जाणकारांवरच सोपवावा.

काही पिल्ले वाकड्या कण्याची किंवा दुबळी निपजतात. एकाच कुळातील मासे पिढ्यान्‌पिढ्या आपसात वाढवले, तर अशी पिल्ले अधिक होतात. म्हणून अधूनमधून दुसऱ्या कुळातील मासा आणावा. अशा पिल्लांपासून पुढे पैदास करू नये. पण ती खात असतील, पोहत असतील, तर त्यांना सुखाने जगू द्यावे. रूप नाही, एवढ्याच कारणाने कोणाचा जीव टाकाऊ ठरत नाही. आजारी मासा लगेच निराळ्या भांड्यात ठेवावा. बरा न होणारा आणि हाल सोसणारा मासा असेल, तर त्याच्याविषयी काय करावे, हे घरातील मोठ्या माणसांनी पशुवैद्याच्या सल्ल्याने ठरवावे. मुलांनी आपल्या मनाने काही करू नये. मेलेला मासा पाण्यात न टाकता बागेतील मातीत पुरावा.

हौसेला मोल नसते, असे म्हणतात. माणसाच्या हौसेचे मोल मात्र पुष्कळदा मुक्या प्राण्याला द्यावे लागते. काचेच्या पेटीत मासे सोडणारा माणूस त्या इवल्या जगाचा राजा होतो. पाणी, अन्न, ऊब, सोबत, जन्म हे सारे त्याच्या हाती येते. राजाला सुखाच्या दिवशी मिरवता येते. पण संकटाच्या दिवशी हात झटकून प्रजेला वेशीबाहेर सोडता येत नाही. पहिला मासा घरी आणण्यापूर्वीच शंभराव्या माशाचा विचार जो करतो, त्याच्याच घरी गप्पींचा संसार खऱ्या अर्थाने सुखाचा होतो आणि गावची नदीही आपल्या लेकरांसह निर्धास्त वाहत राहते.

स्वाध्याय

१. एकेका वाक्यात उत्तरे लिहा :
(अ) गप्पी माशाला हे नाव कोणावरून मिळाले?
(आ) नळाचे पाणी चोवीस तास उघडे का ठेवावे?
(इ) गाळणीचा स्पंज नळाखाली का धुऊ नये?
(ई) श्मिट यांनी पाहिलेला काळा ठिपका कोणाकडून कोणाकडे जात असे?

२. कारणे द्या :
(अ) दुकानातून आणलेल्या मादीच्या पिल्लांवरून रंगांचा अभ्यास करता येत नाही.
(आ) निसर्गाने गप्पीला विपुल संतती दिली आहे.
(इ) नको असलेले मासे नदीत सोडणे ही दया नव्हे.

३. पाच-सहा वाक्यांत उत्तरे लिहा :
(अ) पेटीतील अमोनिया कसा नाहीसा होतो?
(आ) ओढ्यातील गप्पी आणि पेटीतील गप्पी यांच्या जीवनात कोणता फरक आहे?
(इ) वाढलेल्या माशांची सोय लावण्याचे कोणते मार्ग पाठात सांगितले आहेत? त्यांतील कोणता मार्ग तुम्हांला सर्वांत चांगला वाटतो आणि का?

४. पुढील वाक्प्रचारांचे अर्थ सांगून त्यांचा वाक्यांत उपयोग करा :
अंगवळणी पडणे, कानाडोळा करणे, तग धरणे, हात झटकणे, गळ्यात बांधणे.

५. 'अति तेथे माती' या म्हणीचा अर्थ स्पष्ट करणारा एखादा प्रसंग आठ-दहा ओळींत लिहा.

६. पुढील शब्दांचे विरुद्धार्थी शब्द लिहा :
भक्कम, उपकारक, विपुल, देशी, निरोगी.

७. 'राजाला सुखाच्या दिवशी मिरवता येते. पण संकटाच्या दिवशी हात झटकून प्रजेला वेशीबाहेर सोडता येत नाही.' या वाक्यातील राजा कोण, प्रजा कोणती आणि वेशीबाहेर सोडणे म्हणजे काय, ते सांगा.

८. उपक्रम : आपल्या घरातील व शाळेतील साठवलेल्या पाण्याच्या जागांची यादी करा. त्यांपैकी कोणती भांडी रिकामी करता येतील, कोणती झाकता येतील आणि कोणत्या ठिकाणी यांतील काहीच करता येणार नाही, असे तीन गट पाडून वर्गात चर्चा करा.